ओळखीच्या आवाजातलं खोटं

१ जुलै २०१८. रविवार होता, आणि धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा या छोट्या आदिवासी गावात आठवड्याचा बाजार भरला होता. बाजाराच्या गर्दीत पाच परकी माणसं दिसली. त्यांतला एक जण लहान मुलीशी बोलत होता, असं कुणीतरी म्हणालं, आणि ‘मुलं पळवणारी टोळी’ हे शब्द एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. जमावाने त्या पाचही जणांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि तिथल्या खोलीत त्यांचा जीव घेतला. ही माणसं नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या परिसराशी, खवे आणि आसपासच्या गावांशी नातं असलेली. ज्वारीसाठी नाव मिळवलेला आणि दुष्काळासाठीही ओळखला जाणारा हा तालुका. या समाजातली अनेक कुटुंबं पिढ्यान् पिढ्या वर्षातले काही महिने बाहेर पडतात, गावाबाहेर पालं ठोकतात, डवर वाजवत दारोदार भिक्षा मागतात आणि परत येतात. हे पाच जण परत आले नाहीत. राईनपाड्यात त्या दिवशी एकही मूल पळवलं गेलेलं नव्हतं.

इंटरनेटवर होणाऱ्या फसवणुकीबद्दल बोलताना आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक भामटा उभा राहतो: कुठेतरी दूर बसलेला, खोटं नाव घेतलेला, लोभी आणि हुशार. असे भामटे आहेतच. पण राईनपाड्याच्या मागे असा एकच माणूस शोधायला गेलं तर तो हाती लागत नाही. हाती लागते ती माणसांची लांबच लांब रांग. त्यातल्या प्रत्येकाने कुणाकडून तरी आलेला मजकूर किंवा व्हिडिओ पुढच्याला दिला, आणि तो देताना प्रत्येकाला वाटलं की आपण चांगलंच काम करतो आहोत. या लेखात मांडायचं आहे ते एवढंच, की आपल्या ग्रुपमध्ये सगळ्यांत मोठी फसवणूक करतो तो आधी स्वतः फसलेला माणूस. खोटं एकदा जन्माला आलं की त्याला पाय फुटतात ते प्रामाणिक माणसांच्या विश्वासाचे. म्हणून मेसेज पुढे पाठवण्याच्या कृतीकडे आपण वेगळ्या नजरेने पाहायला हवं. ती निव्वळ हमाली नसते. पुढे पाठवणं म्हणजे साक्ष देणं.

त्या उन्हाळ्यात देशभर फिरलेल्या मजकुराची चिरफाड केली तर हे नीट कळतं. सर्वांत जास्त फिरलेल्या व्हिडिओंपैकी एकात मोटरसायकलवरून दोघे जण येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांजवळ थांबतात आणि एका मुलाला उचलून पसार होतात. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. हा व्हिडिओ मुळात पाकिस्तानातल्या कराची शहरात, हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेसाठी २०१६ साली तयार झाला होता. मूळ फिल्ममध्ये मोटरसायकल परत येते, मुलाला सुखरूप खाली उतरवलं जातं आणि मागे बसलेला माणूस एक फलक धरतो. मूल पळवायला किती कमी वेळ लागतो, लक्ष ठेवा, असा तो पालकांसाठीचा संदेश. भारतात फिरलेल्या व्हिडिओतून नेमका हा शेवट कापलेला होता. एका कात्रीने मुलांच्या काळजीसाठी केलेली फिल्म माणसं मारण्याचं निमित्त झाली. दुसरीकडे जमिनीवर ओळीने ठेवलेल्या मुलांच्या मृतदेहांचा फोटो फिरत होता, आणि सोबतचा मजकूर सांगत होता की अवयव काढून घेण्यासाठी या मुलांना मारलं. तो फोटो होता सीरियातल्या घौटा इथल्या २०१३ च्या रासायनिक हल्ल्यात मेलेल्या मुलांचा. म्हणजे व्हिडिओ खरा, फोटोही खरा. खोटं होतं ते त्यांच्या शेजारी लिहिलेलं वाक्य. सर्वांत परिणामकारक खोटं बहुधा असंच असतं, खऱ्या वस्तूला खोटा पत्ता चिकटवलेलं.

आता हा माल एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाताना त्याचं काय होतं ते पाहू. एक जण शेवट कापतो. दुसरा त्याखाली ‘टोळी आपल्या भागात आली आहे’ अशी ओळ लिहितो. तिसरा ‘आपल्या भागात’च्या जागी स्वतःच्या तालुक्याचं नाव घालतो, कारण शेजारच्या तालुक्यातून आलं म्हणजे इथेही असणारच, असं त्याला मनापासून वाटतं. चौथा आवाजाचा मेसेज रेकॉर्ड करतो. त्यात गावाचं नाव येतं, बोलीचा लहेजा येतो, आवाजातली घाबरगुंडी येते. पाचवा काहीच बदलत नाही, फक्त वर ‘काळजी घ्या’ लिहून घरच्यांच्या ग्रुपवर, मुलांच्या शाळेच्या ग्रुपवर, गावाच्या ग्रुपवर पाठवतो. या पाचांत जाणूनबुजून खोटं बोलणारा कदाचित एकच असेल. तरीही पाचव्याच्या हातून निघालेला मेसेज पहिल्याच्या मेसेजपेक्षा कितीतरी घातक असतो, कारण तो आता परक्याचा राहिलेला नसतो. तो मामाकडून आलेला असतो, भावकीतल्या शिकलेल्या पोराकडून किंवा शाळेतल्या बाईंकडून आलेला असतो. मजकूर खरा की खोटा हे तपासण्याची जागा ‘पाठवलं कुणी’ या प्रश्नाने घेतलेली असते, आणि मामा खोटं बोलणार नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. मामा खोटं बोलत नसतोच. तो फसलेला असतो, आणि त्याच्या प्रामाणिकपणाचा शिक्का त्या खोट्यावर उमटलेला असतो.

ग्रुपमुळे आणखी एक गोष्ट घडते. तोच मजकूर सकाळी एका ग्रुपवर दिसतो, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. पाहणाऱ्याला वाटतं, तीन ठिकाणांहून बातमी आली म्हणजे त्यात तथ्य असणार. प्रत्यक्षात उगम एकच असतो. साक्षीदार तीन नसतात, एकाच साक्षीदाराचे तीन पडसाद असतात. वारंवार कानावर पडलेलं विधान माणसाला अधिक खरं वाटू लागतं, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ सालापासून प्रयोगांतून दाखवलेलं आहे. २०१८ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्यांच्या प्रवासाचा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात छापला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली, आणि दीड हजार माणसांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सहापट वेळ लागला. याचं खापर यंत्रचलित खोट्या खात्यांवर फोडता येईल का, हेही त्यांनी तपासलं. तसं निघालं नाही. खोट्याला वेग दिला तो हाडामांसाच्या माणसांनी, कारण खोटं अधिक नवं, अधिक धक्कादायक होतं, आणि नवी गोष्ट सर्वांत आधी सांगण्याची ओढ आपल्या सगळ्यांत असते.

दुसऱ्या टोकाची फसवणूक शेजारी ठेवली की विश्वासाचं हे गणित आणखी स्पष्ट होतं. अलीकडे शेअर बाजारात झटपट नफ्याचं आमिष दाखवणारे व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरचे ग्रुप हजारो लोकांची पुंजी गिळत आहेत. अशा ग्रुपमध्ये एखाद्याला सामील करून घेतलं जातं. तिथे आधीच शंभर-दीडशे सदस्य असतात. रोज कुणीतरी आपल्या नफ्याचा स्क्रीनशॉट टाकतो, कुणी ‘सरां’चे आभार मानतो, कुणी शंका विचारतो आणि दुसरा ती फेडतो. नव्या माणसाला वाटतं, एवढे लोक कमावताहेत तर आपणच मागे का? त्याला कळत नाही ते असं, की तिथली बहुतेक नावं भामट्यांच्याच हातातली असतात. गर्दी उभी केलेली असते ती त्याच्या एकट्यासाठी. निवृत्त अधिकारी, डॉक्टर, अभियंते यात अडकतात. हे भामटे ओळखीची, एकमताची गर्दी पदरचा वेळ खर्चून, नटवून तयार करतात, कारण तिच्याशिवाय माणूस फसत नाही हे त्यांना माहीत असतं. मूल पळवण्याच्या अफवेला तो खर्चही पडत नाही. तिला आपले खरे ग्रुप, खरी नाती, खरी माया आयती मिळते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की अफवा काही व्हॉट्सॲपने आणल्या नाहीत. हे खरं आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता देशभर आणि परदेशातल्या देवळांपर्यंत एका दिवसात पोचली, तेव्हा कुणाच्या खिशात स्मार्टफोन नव्हता. माणूस तोच आहे, भीती आणि श्रद्धाही त्याच आहेत. पण सांगण्याची रीत बदलली, आणि ती बदलल्याने फार मोठा फरक पडला. पारावर सांगितलेल्या गोष्टीला सांगणाऱ्याचा चेहरा होता. ऐकणारा विचारू शकत होता, ‘कुणी पाहिलं? कुणाचं पोर गेलं?’ आणि सांगणाऱ्याला म्हणावं लागत होतं, ‘मी नाही पाहिलं, ऐकलं.’ ऐकीव गोष्ट ऐकीव आहे हे त्या बोलण्यातच उघड होत असे. मोबाइलवर आलेला व्हिडिओ ही पायरीच काढून टाकतो. आता प्रत्येक जण म्हणू शकतो, ‘मी स्वतः पाहिलं.’ कराचीतला रस्ता पाहून साक्री तालुक्यातला माणूस प्रत्यक्षदर्शी होतो. अफवा जुनी असेल, पण लाखो डोळ्यांना एकाच वेळी खोटे साक्षीदार करण्याची ताकद तिच्याकडे पूर्वी नव्हती.

दुसरा आक्षेप शहरी घरांत हमखास ऐकू येतो: राईनपाडा दुर्गम, लोक अडाणी, म्हणून असं घडलं. हे म्हणणं सोयीचं आहे, पण पुराव्यापुढे टिकत नाही. राईनपाड्यानंतर पंधरा दिवसही झाले नव्हते, तेव्हा १३ जुलै २०१८ रोजी सीमेपलीकडे बिदर जिल्ह्यातल्या मुरकी गावाजवळ हैदराबादच्या एका तरुण अभियंत्याला जमावाने मारलं. तो मित्रांसोबत मोटारीतून आला होता. सोबत्यांत कतारचा एक नागरिक होता. वाटेत त्यांनी मुलांना चॉकलेटं दिली, एवढंच कारण. त्यांचा व्हिडिओ ग्रुपवरून पुढच्या गावात पोचला, आणि मोटार तिथे येण्याआधीच रस्ता अडवलेला होता. मोबाइल चालवणारे, व्हिडिओ काढणारे, क्षणात पुढच्या गावाला सावध करणारे हे लोक तंत्राच्या बाबतीत अडाणी नव्हते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बनाजी आणि राम भट यांनी २०१९ साली भारतातल्या अशा घटनांचा अभ्यास मांडला. त्यांचा निष्कर्ष असा, की मेसेज पुढे जाण्यामागे डिजिटल अज्ञानापेक्षा आधीपासून मनात असलेले पूर्वग्रह अधिक काम करतात. कोण संशयित दिसतो, हे मेसेज येण्याआधीच ठरलेलं असतं.

सोलापूरकरांना हे वेगळं सांगायची गरज नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि पुढे तो देशभर पसरवला. जन्माला आलेलं मूलच गुन्हेगार ठरवणारा हा कायदा. त्यात नोंदलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात डांबण्यासाठी सोलापुरात सेटलमेंट उभारली गेली, आणि शहरातली ती वस्ती आजही त्याच नावाने ओळखली जाते. कायदा १९५२ साली रद्द झाला, तारा निघाल्या, पण फिरस्त्याकडे पाहण्याची नजर तशीच राहिली. डवरी गोसावी हे भिक्षेवर जगणारे भटके. त्या कायद्याने चोर ठरवलेल्यांशी त्यांचा संबंध नसला, तरी गावाबाहेर पाल दिसलं की गावाची नजर असा भेद करत नाही. मोबाइलवरचं खोटं याच नजरेवर स्वार झालं. मजकुरात कुणाचंही वर्णन नसलं तरी वाचणाऱ्याच्या मनात चेहरा तयार होता: मळकट कपडे, खांद्याला झोळी, परकी बोली. खोट्याला चेहरा आपणच पुरवतो. म्हणून ‘मेसेज खोटा होता’ एवढं सांगून विषय संपत नाही. तो आपल्याला इतक्या सहज का पटला, हेही स्वतःला विचारावं लागतं.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे, आणि तो आईवडिलांचा आहे. पोराबाळांचा प्रश्न आहे. मेसेज खोटा निघाला तर काही बिघडत नाही, खरा निघाला आणि आपण गप्प बसलो तर? या भीतीची खिल्ली उडवू नये. मुलं खरोखर हरवतात, पळवलीही जातात. पण ‘काही बिघडत नाही’ हा हिशेब चुकीचा आहे. बिघडतं, फक्त आपलं बिघडत नाही. खोट्या सावधगिरीची किंमत ज्याचं गावात घर नाही, ज्याच्या बाजूने बोलायला शेजारी नाही, त्याला मोजावी लागते. शिवाय अशा मेसेजने मूलही सुरक्षित होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षं सांगते, की मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या नोंदवलेल्या गुन्ह्यांत दहांपैकी नऊहून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीतला असतो. झोळीवाल्याकडे रोखलेलं बोट आपली नजर नेमकी तिथून हटवतं, जिथे ती असायला हवी. खरोखर संशय आला तर ११२ हा पोलिसांचा आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. ज्याला मुलांची काळजी आहे त्याने फोन उचलावा. तिथे काय पाहिलं ते सांगावं लागतं. फॉरवर्ड करताना हे काहीच करावं लागत नाही, म्हणून ते सोपं आहे आणि म्हणूनच निरुपयोगी.

चौथा आक्षेप म्हणतो, हे काम कंपनीचं, पोलिसांचं आणि कायद्याचं आहे. सामान्य माणसावर भार कशाला? त्यांचं काम आहेच, आणि काही प्रमाणात ते झालंही. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने ‘फॉरवर्डेड’ ही खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, आणि अशा मेसेजमध्ये ७० टक्के घट झाल्याचं कंपनीने सांगितलं. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींविरुद्ध प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्यासह सविस्तर निर्देश दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून केलेल्या खुनासाठी वेगळी तरतूद आहे, आणि अफवा पसरवण्यालाही शिक्षा आहे. हे सगळं आवश्यक आहे. तरीही मेसेजवर मर्यादा आल्यानंतर, १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून मारहाण झाली. ते विजापूरहून पंढरपूरला निघाले होते आणि त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता.

सरकारी खुलासा का पुरत नाही, याचं सर्वांत दुःखद उदाहरण त्रिपुरात घडलं. राईनपाड्याच्या तीनच दिवस आधी, २८ जून २०१८ रोजी, अफवांवर विश्वास ठेवू नका असं ध्वनिक्षेपकावरून गावोगाव सांगत फिरण्यासाठी सरकारने नेमलेल्या माणसालाच जमावाने मुलं पळवणारा समजून मारलं. तो खरं सांगत होता, पण गावाला परका होता. अफवा सांगणारा खोटं सांगत होता, पण तो ग्रुपमधला होता. ओळख खोट्याच्या बाजूला होती. यातून निष्कर्ष निघतो तो एकच: ज्या वाटेने खोटं आलं, त्याच वाटेने खऱ्याला जावं लागेल. मामाने पाठवलेलं खोटं मामाच्या भाच्यानेच, त्याच ग्रुपवर, सर्वांसमोर अडवायला हवं. पोलीस पाटील, आशाताई, शाळेतले गुरुजी, मंडळाचा कार्यकर्ता, ग्रुपचा ॲडमिन ही माणसं परिपत्रकापेक्षा मोठी आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली स्पष्ट केलं, की दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला आपोआप गुन्हेगार धरता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण कायद्याची जबाबदारी संपते तिथे माणसाची संपत नाही.

करायच्या गोष्टी फार नाहीत आणि त्यांना कुठलंही तंत्रज्ञान लागत नाही. पारावरचा जुना प्रश्न ग्रुपमध्ये परत आणायचा: कुणी पाहिलं? कोणत्या गावात, कोणत्या दिवशी, कोणत्या पोलीस ठाण्यात नोंद आहे? पाठवणाऱ्याचा अपमान न करता, ‘काका, हे तुम्हाला कुठून आलं?’ एवढंच विचारलं तरी पुढच्या दहा जणांची बोटं थबकतात. आणि आपणच पाठवलेलं खोटं निघालं, तर ते गुपचूप पुसून टाकू नये. ‘मी पाठवलं ते खोटं होतं’ हे पाच शब्द जिथे पाठवलं तिथेच लिहावेत. हे अवघड आहे, कारण ग्रुपमध्ये आपली पत असते. पण खोट्याने वापरली ती आपली पतच होती. तिचा उपयोग खोटं मागे घेण्यासाठी केला, तरच ती पत म्हणायची.

राईनपाड्यात पाच जण मेले त्याच महिन्यात, २३ जुलैला, आषाढी एकादशी होती. मंगळवेढ्याच्या जवळच्या पंढरपुरात तेव्हा लाखो अनोळखी माणसं आली. वाटेवरच्या गावांनी दरवर्षीप्रमाणे त्यांना भाकरी दिली, अंगणात झोपायला जागा दिली. मळक्या कपड्यांची, परक्या बोलीची, खांद्याला झोळी असलेली ही माणसं कुठून आली, हे कुणी विचारलं नाही. परक्या माणसाकडे भीती न बाळगता पाहण्याची सवय या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. ती इथल्या रस्त्यांना शेकडो वर्षांपासून आहे. तीच सवय हातातल्या मोबाइलपर्यंत न्यायची आहे. पुढचा मेसेज येईल तेव्हा त्यात एका अनोळखी माणसावर आरोप असेल, आणि तो माणूस स्वतःची बाजू मांडायला त्या ग्रुपमध्ये नसेल. त्याच्या वतीने ‘कुणी पाहिलं?’ असं विचारणारा तिथे एक जण तरी असावा.